कोमट खोली

खोली भाड्याने देण्यापूर्वी त्यांनी माझी नोकरी, पगार किंवा व्हिसा यांविषयी एकही प्रश्न विचारला नाही. मराठी मंडळाच्या ग्रुपवरचा निरोप वाचून मी डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या त्यांच्या घरी गेले होते. मार्च महिना होता आणि अंगणातला बर्फ काळपट होऊन कडेला साचला होता. दार उघडून त्यांनी माझ्या चेहऱ्याऐवजी पायांकडे पाहिले.

"पाय गार पडतात का तुझे?"

"हिवाळ्यात पडतात, काका."

"किती?"

पायांच्या गारठ्याचे मोजमाप मी कधी केले नव्हते, आणि तसे मी सांगितले. त्यांनी खिशातून पिस्तुलासारखा दिसणारा थर्मामीटर काढला, माझ्या मोज्यांवर रोखला आणि आकडा पाहून मान हलवली. "वाईट आहे. ये आत. बूट तिथे नको, इथे काढ, इथून खालून गरम हवेचा डक्ट जातो. आणि एक लक्षात ठेव, या घरात अंदाज चालत नाही. अंदाज म्हणजे आळस."

गॅरेजवरची खोली मला मिळाली ती अशी.

त्यांचे सारे आयुष्य मोटारींचे हीटर तयार करण्यात गेले होते. "गाडीच्या काचेवरचं धुकं घालवण्यात माझी छत्तीस वर्षं गेली," असे ते सांगत, आणि ते तक्रारीच्या सुरात की अभिमानाने हे मला कधीच ठरवता आले नाही. मी विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या थंड ठेवण्याचे काम करत होते. दोन वर्षांत टीम लीड व्हायचे आणि एक तरी पेटंट नावावर करायचे, असा माझा आराखडा होता. उष्णता हा आम्हा दोघांचाही विषय होता. फक्त मी ती बाहेर काढत होते आणि ते ती आत धरून ठेवत होते.

मंडळात त्यांना 'रोमन काका' म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. गणपतीच्या कार्यक्रमात ते हॉलच्या झरोक्यांखाली थर्मामीटर धरून उभे राहत आणि आरती संपताच सांगत, "अध्यक्ष, तुमचा हॉल माणसांना नाही, छताला ऊब देतोय." एका पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, पुण्याच्या एका आयटीवाल्याने त्यांची फिरकी घेतली होती. "काका, रोमन लोक साबुदाण्याची खिचडी किती डिग्रीला खायचे हो?" काकांनी त्याच्या थाळीवर थर्मामीटर रोखला आणि गंभीरपणे उत्तर दिले, "तू खातोयस त्यापेक्षा बऱ्याच जास्त. ही गार झालीय. मायक्रोवेव्ह कर, यार." सगळे हसले. ते हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीने प्रश्न योग्य होता आणि उत्तरही.

या नावामागची हकिकत अशी. नोकरीत असताना कंपनीने त्यांना काही महिन्यांसाठी फ्रान्सला पाठवले होते. त्या भागाला गॉल म्हणत त्या काळातले एक शहर जवळ होते, आणि त्या शहरात रोमन सार्वजनिक स्नानगृहाचे अवशेष होते. रविवारी ते आणि काकू तिथे जात. पार्किंगच्या मागे, गवतात अर्धवट बुडालेल्या तीन-चार भिंती, एवढाच तो पसारा. काका मात्र पाहताक्षणी त्याच्या प्रेमात पडले, कारण त्यांना तिथे दगडविटांत बांधलेला आपलाच हीटर दिसला. विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली फरशी, तिच्याखाली पोकळी, एका टोकाला भट्टी. भट्टीची हवा आधी गरम खोलीच्या फरशीखालून जाई आणि उरलेल्या उबेनिशी पुढे कोमट खोलीखाली पोचे. "पंप नाही, फॅन नाही, वायर नाही," ते म्हणत. "आणि लोक मला सांगतात की डेट्रॉइटने जगाला इंजिनीअरिंग शिकवलं."

त्या अवशेषांचे फोटो त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली लावले होते. आमटीचे पातेले गरम खोलीवर आणि भात थंड खोलीवर ठेवण्याचा दंडक होता. भिंतीला लांबट दगडी ओटा असलेल्या एका लहानशा खोलीवर मात्र कधीच काही ठेवले जात नसे. तिथल्या फलकावर 'उपयोग अनिश्चित' असे लिहिलेले होते, आणि काका अजूनही त्या फलकावर रागावलेले होते.

"ही स्नानाचीच खोली आहे," पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितले.

मी फोटो नीट पाहिला. "ड्रेन कुठे आहे?"

"नाही."

"पाणी आत यायची वाट?"

"नाही."

"मग पुरावा काय, काका? ड्रेन नाही म्हणजे स्नान नाही."

त्यांनी पुढचा भात वाढून घेतला आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे." एवढ्या लवकर ते कधी कुणाला बरोबर म्हणत नसत. त्यामुळे मला जिंकल्यासारखे वाटले नाही.

काकूंविषयी मी एवढा वेळ लिहिण्याचे टाळले. मी राहायला गेले तेव्हा त्यांची स्मृती बरीच गेली होती. त्या देखण्या होत्या, मोठ्या कुंकवाच्या, आणि बोलणे अजूनही धारदार होते. एकेकाळी मंडळाच्या रविवारच्या शाळेत त्या मुलांना बाराखडी शिकवत. आता त्या मला कधी नर्स, कधी ताई समजत आणि नवऱ्याला 'गृहस्थ' म्हणत. "अहो गृहस्थ, तुम्ही कुणाकडे आलात?" असे त्या विचारत, आणि काका दरवेळी नव्याने उत्तर देत, "तुमच्याकडेच." "मग बसा. चहा होईल इतक्यात," असे म्हणून त्या स्वतःच बसून राहत. चहा अर्थातच काका करत, आणि पेला देण्यापूर्वी त्याचे तापमान पाहत.

प्रश्न अंघोळीचा होता. काकू अंघोळ करत नसत. बाथरूमच्या दारापर्यंत येत, शॉवर आणि काचेचे दार पाहत आणि किंचाळत. काकांनी कपड्यांना हात लावला की नखांनी ओरबाडत. काकांच्या हातांवर ओरखडे होते आणि ते जूनमध्येही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत. काकूंच्या अंगाला वास येऊ लागला होता. काखेत आणि मानेच्या घड्यांत त्वचा फुटत होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलला राहणारी त्यांची एकुलती एक मुलगी डॉक्टर होती. ती दर रविवारी व्हिडिओ कॉल करत असे, आणि ऑगस्टमधल्या एका रविवारी तिने स्पष्टच सांगितले.

"बाबा, हे इन्फेक्शन रक्तात गेलं तर? मी एक मेमरी केअर सेंटर बघितलंय. चांगलं आहे."

"तिथे तिच्याशी मराठीत कोण बोलेल?"

"आणि इथे बोलून काय होतंय? ती तुम्हाला ओळखते तरी का?" मग तिचा आवाज खाली आला. "नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला मी येतेय. तोवर तिची रेग्युलर अंघोळ सुरू झाली नसेल, तर मी तिला घेऊन जाणार. प्लीज, भांडू नका."

काका भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी ट्रकभर विटा आल्या.

त्यांची मांडणी मला त्या वेळी निर्दोष वाटली होती. अमेरिकन बाथरूम माणसाला कोरड्या गारठ्यातून एकदम पाण्याच्या माऱ्याखाली ढकलते. गोंधळलेल्या मनाला हा हल्ला वाटतो. रोमन माणूस मात्र आधी थंड खोलीत बसे, मग कोमट, मग गरम. शरीराची हळूहळू समजूत काढली जाई. म्हणून तळघरात तीन खोल्या करायच्या, विटांच्या खांबांवर पोकळ फरशी उचलायची आणि घर तापवणाऱ्या फर्नेसची हवा आधी गरम खोलीखालून, मग कोमट खोलीखालून न्यायची. गरम खोलीत नळ, टाके, ड्रेन, सगळे काही असणार होते. मधल्या खोलीत फक्त भिंतीलगत एक ओटा. "दहा मिनिटं बसेल, अंग सैल होईल, मग पुढे," ते म्हणाले. मी फरशीत सेन्सर बसवले, हवेच्या वेगाची गणिते केली आणि शनिवार-रविवार त्या तळघरात घालवले. ऑफिसमध्ये मी सोडवत असलेल्या कोणत्याही प्रश्नापेक्षा हा प्रश्न अधिक स्वच्छ होता.

एकदा मी सुचवले की गरम खोली वापरात नसेल तेव्हा तिला वगळून हवा थेट मधल्या खोलीखाली सोडावी, तेवढीच ऊर्जा वाचेल. ते विटेवर बसून सिमेंटचे हात पुसत होते. "नाही गं. थेट सोडलीस तर ती खोली एका कोपऱ्यात भाजेल आणि दुसऱ्यात गोठेल. सगळीकडे सारखं कोमट व्हायला आधी कुठेतरी कडकडीत व्हावं लागतं." मी गणित करून पाहिले. ते बरोबर निघाले.

ऑक्टोबरमध्ये स्नानघर तयार झाले. रोज संध्याकाळी मी कामावरून आले की 'कशी आहेस' ऐवजी ते जिन्यातून ओरडून विचारत, "फरशी कशी आहे?" आणि मी फोनवर सेन्सरचा आकडा पाहून सांगत असे. तापमानाच्या वक्ररेषा सुंदर होत्या. आर्द्रता नेमकी होती. आणि काकू रोज नकार देत होत्या. कोमट खोलीच्या ओट्यावर त्या आनंदाने बसत, आणि काका "चला, आता पुढे" म्हणाले की पदर गच्च धरून ओरडत, "गृहस्थ, लाज नाही वाटत? मी आरडाओरडा करीन!" आम्ही तापमान एक अंशाने वाढवले. मग दोन अंशांनी कमी केले. पंख्याचा आवाज घटवला, दिवे पिवळे केले. आम्ही दोघेही उष्णतेची माणसे होतो, त्यामुळे बिघाड उष्णतेतच असणार याबद्दल आमच्यापैकी कोणाच्याही मनात शंका आली नाही.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी मुलगी आली. आईला मिठी मारताच तिने चेहरा वळवला, आणि तो तिने का वळवला हे खोलीतल्या सर्वांना कळले. काकूंनाही कळले असावे, कारण त्या म्हणाल्या, "या बाईंना सर्दी झालीय वाटतं."

"बाबा, तुम्ही म्हणालात सिस्टिम तयार आहे."

"आहे. दाखवतो."

आम्ही चौघे तळघरात उतरलो. थंड खोलीत काकूंनी शाल सोडली. कोमट खोलीत त्या ओट्यावर बसल्या आणि सपाता काढून तळवे फरशीवर टेकवले. काकांनी घड्याळ पाहिले, थर्मामीटर पाहिला, मुलीकडे पाहिले. त्यांचा आवाज मी इतका अजिजीचा कधी ऐकला नव्हता. "चला ना. पुढे छान गरम आहे. एकदाच."

"तुम्ही व्हा पुढे, गृहस्थ. मी बसलेय."

"अगं, फक्त दोन पावलं." त्यांनी काकूंचे मनगट धरले. काकूंनी ते हिसडले आणि काकांच्या तोंडावर चापट बसली. चष्मा फरशीवर पडला.

"बाबा, बास. इनफ," मुलगी म्हणाली. "मी आईचं सोमवारचं बुकिंग करते. आय ॲम सॉरी."

काका चष्मा शोधायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. तेवढ्यात काकूंनी पाय फरशीवर मागेपुढे घासले आणि अगदी घरगुती सुरात म्हणाल्या, "दगड काय छान तापलाय. ऊन चांगलं पडलंय आज." मग माझ्याकडे पाहून, "ताई, तुमचा तांब्या झाला असेल तर द्या जरा."

मी इंजिनीअर आहे, त्यामुळे नंतर या क्षणाचे बरेच विश्लेषण केले आहे. तेव्हा मात्र मी फक्त वर जाऊन देवघरातला तांब्या आणला, गरम खोलीत बादली भरली आणि तांब्या तीत टाकून आणून ठेवली. काकूंनी साडी किंचित वर घेतली आणि पायांवर पाणी ओतले. मग हातांवर. मग साडीसकट गुडघ्यांवर.

"आई, साडी भिजतेय," मुलगी म्हणाली.

"मग? घाटावर लुगडं सोडून कोण बसतं? मोठी शहाणी." आणि मग त्यांची नजर काकांवर गेली. "आणि हे गृहस्थ इकडे काय बघत उभे आहेत? बायकांच्या बाजूला?"

काका हळूहळू उठले. चष्मा हातातच होता. त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून, एखाद्या परक्या माणसाने उभे राहावे तसे. काकूंनी समाधानाने मान हलवली, तांब्या उचलला आणि डोक्यावर ओतून घेतला.

त्या खोलीत ड्रेन नव्हता. पाणी फरशीवर पसरले, भिंतीच्या कडेला साचले, काकांच्या सपातांखाली गेले. ते हलले नाहीत. मुलगी खाली बसली आणि वरून आणलेल्या टॉवेलांनी पाणी टिपून बादलीत पिळू लागली. टॉवेल पिळता पिळता ती आईला हलक्या आवाजात विचारत होती, "पाठ चोळू का, काकू?" आणि काकू म्हणाल्या, "चोळ हो. कुणाची गं तू?"

सोमवारी ती एकटीच परत गेली.

नंतर एकदा, टेबलावरचा तो लहान खोलीचा फोटो बोटाने पुसत काकांनी मला राहिलेली गोष्ट सांगितली. त्या गावात काकू नेहमी या खोलीपर्यंत येऊन थांबत. चपला काढून, उन्हात तापलेल्या ओट्यावर पाय पसरून बसत आणि म्हणत, "हे आमच्या कृष्णेच्या घाटासारखं आहे. मी इथेच बसते, तुम्ही बघून या." काका जात, भट्टीची मापे घेत, तासाभराने परतत. "मला वाटायचं, ही दमते म्हणून बसते," ते म्हणाले. "ती खोली स्नानाची आहे हे म्हणणं तिचं होतं. मी ते चाळीस वर्षं माझं म्हणून सांगत आलो. ती का म्हणतेय, हे काही विचारलं नाही."

तो हिवाळा असा गेला. कामावर जाण्यापूर्वी मी काकूंच्या हातात तांब्या देत असे आणि मग पाणी टिपत असे. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि मधूनच विचारत, "पाणी ठीक आहे का?" काकू उत्तर देत नसत, कारण परक्या पुरुषाशी घाटावर बोलत नाहीत. त्वचा भरून आली. केसांना पुन्हा शिकेकाईचा वास येऊ लागला. स्मृती मात्र तशीच ओसरत राहिली. काकांना त्यांनी शेवटपर्यंत ओळखले नाही. गरम खोलीतले टाके, ज्याच्यासाठी काकांनी तीन वेळा फरशी उखडली होती, एकदाही वापरले गेले नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस काकू गेल्या. स्वतःच्या पलंगावर, सकाळची अंघोळ झाल्यावर.

त्यानंतरही तळघरातला पंखा चालूच राहिला. मार्चमध्ये, एप्रिलमध्ये, झाडांना पालवी फुटल्यावरही. एकदा मी विचारले, "काका, आता बंद करायचा का?"

"नको. एकदम थंड झाली तर फरशी तडकेल."

तेवढ्या फरकाने ती फरशी तडकत नाही. ते गणित मीच केले होते, आणि ते त्यांनीच तपासले होते. या घरात अंदाज चालत नसे. मी म्हणाले, "हो, ते आहेच," आणि वर गेले.

उन्हाळ्यात मुलगी त्यांना मॉरिसव्हिलला घेऊन गेली, आणि तळघरातला पंखा बंद झाला. टीम लीडची जागा मला मिळाली. घर विक्रीला लागले, आणि नवे मालक येईपर्यंत मी गॅरेजवरच राहणार होते. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये घराची तपासणी करायला माणूस आला तेव्हा त्याला तळघर मीच दाखवले. तो कामात चोख होता. त्याने फरशी ठोकली, पोकळ आवाज ऐकून भुवया उंचावल्या, गुडघ्यांवर बसून विटांच्या खांबांमधून टॉर्च मारला. पहिली खोली त्याने स्टोअरेज ठरवली, तिसरी सॉना. मधल्या खोलीत तो ओट्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"आणि ही कशासाठी?"

"अंघोळीसाठी," मी सांगितले.

त्याने कोपरे तपासले, भिंती तपासल्या, सभ्यपणे माझ्याकडे पाहिले. "पण इथे ड्रेन नाहीये."

पुराव्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बिनचूक होते. मी वाद घातला नाही.

त्या संध्याकाळी काकांना फोन केला. मागे त्यांच्या नातीचा इंग्रजीतला आवाज येत होता. तपासणीचे सगळे सांगितले. ते थोडे हसले, काकू गेल्यापासून पहिल्यांदाच.

"ड्रेन नाही म्हणाला ना?"

"हो."

"म्हणणारच. तिकडे फ्रान्समध्येही असंच झालं असणार." मग त्यांनी विचारले, "फरशी कशी आहे?"

मी जिन्यात उभी होते. सेन्सर अजून चालू होते, पण मी आकडा पाहिला नाही. खाली उतरले, मोजे काढले आणि ओट्यासमोर पाय टेकवले.

"थंड आहे, काका."

"हं. तडकली का?"

"नाही."

"नाहीच तडकणार," ते म्हणाले. "मला माहीत होतं."